एका पोत्यातले चार धातू: जुन्या पद्मिनीच्या बाहेरच्या पट्ट्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला हँड गिअर. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका अडत व्यापाऱ्यानं ती नवी घेतली होती. आता ती त्यांच्या थोरल्या मुलाकडे आहे. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, म्हणून वर्कशॉपमध्ये आम्ही सगळे त्यांना 'सर'च म्हणायचो. इथंही तेच नाव ठेवतो. माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत. कामाचे तपशील जसेच्या तसे आहेत.

सरांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नव्वदच्या दशकात गाडीला रंग दिला. रंग मारायचा म्हणून पेंटरनं सगळं बीडिंग (बॉडीवरच्या चमकत्या पट्ट्या), मोनोग्राम (गाडीच्या नावाची धातूची अक्षरं), हँडलं, बंपर उतरवले. हँडलं आणि बंपर परत बसले, बाकीचं बसलं नाही. क्लिपा तुटल्या म्हणून की पेंटरचा कंटाळा म्हणून, ते आता सांगायला कोणी उरलं नाही. अण्णांनी ते सगळं जुन्या धोतरात गुंडाळलं, पोत्यात भरलं आणि माळवदाच्या घरातल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या कोठारात, ठेवून दिलं. पुढं तीस वर्षं दर दिवाळीला साफसफाई झाली, दारात भंगारवाले आले, पण पोतं हललं नाही. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. रिस्टोरेशन हा शब्दही न ऐकलेल्या माणसानं तो घेतला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे आली, ट्रकवर. पोतं सरांनी स्वतः मांडीवर ठेवून एसटीनं आणलं. उघडून पहिली पट्टी उभी धरली, तर तिच्या पोकळीतून ज्वारीचे दाणे आणि कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा टेबलावर सांडला. पट्टीला आतून गंज नव्हता. बळदातल्या कोरड्या हवेनं तीस वर्षं ती जपली होती.

अडचण

सरांना गाडी 'अण्णांच्या वेळी होती तशी' हवी होती. पुण्यात राहणारे त्यांचे धाकटे भाऊ निम्मा खर्च देणार होते आणि त्यांना ती 'शोरूममधून काढल्यासारखी' हवी होती. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं आणि नवरीची पाठवणी याच गाडीतून करायची असं दोन्ही घरांत ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. तीन महिन्यांत इंजिन, वायरिंग, बॉडी, रंग आणि हे सगळं चकाकतं सामान. घाई तिथूनच सुरू झाली, आणि पुढच्या चुकीचं मूळही त्या घाईतच होतं.

दुसरी अडचण मालाची. एकेकाळी पद्मिनीचा कुठलाही भाग हवा असेल तर मुंबईच्या भंगारात टॅक्सींमधून मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नियमानुसार रस्त्यावरून उतरली, आमच्या कामाच्या चारच महिने आधी. तसंही टॅक्सीचं सामान आमच्या फारसं उपयोगाचं नसायचं. बंपर रंगवून टाकलेले आणि बीडिंगच्या जागी पुट्टी, असाच प्रकार जास्त पाहिलाय.

तिसरी अडचण आम्हाला वेळेत दिसलीच नाही. पोत्यातलं सगळं चमकणारं सामान बघून आम्ही त्याला एकच नाव दिलं: क्रोम.

पर्याय

सामान पसरून सर, त्यांचे भाऊ (व्हिडिओ कॉलवर) आणि मी बसलो. नवीन नकली माल मागवणं सोपं होतं. भावांचा कल तिकडेच. पण नकली बंपरचा पत्रा पातळ असतो, त्यावरचा मुलामा त्याहून पातळ, आणि मराठवाड्यात एक पावसाळा काढला की खालच्या कडेला लाल ठिपके उमटतात. मोनोग्रामची अक्षरंही मूळ वळणाची नसतात. गाडीवाला माणूस दहा फुटांवरून ओळखतो.

जुन्या गाडीवरून चांगले भाग काढून आणणं हा दुसरा मार्ग. त्यासाठी फिरायला वेळ लागतो आणि नशीब लागतं. आमच्याकडे वेळ नव्हता.

आहे तेच दुरुस्त करणं महाग होतं. पुढच्या बंपरला नीट क्रोम करायचा खर्च नव्या नकली बंपरच्या दुपटीच्या आसपास जात होता. सरांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, "घरचं आहे तर बाहेरचं कशाला?" आणि विषय तिथंच संपला.

चौथा पर्याय कुणी बोलून दाखवला नाही, पण तो मांडायला हवा होता: काही भागांना हातच न लावणं. धुवायचे, मेण लावायचं आणि बसवायचे. हा पर्याय आम्हाला पुढं ठेच लागल्यावर सुचला.

काय केलं, आणि काय झालं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुढचा बंपर, त्याचे कान (बंपरवरचे उभे तुकडे), पुढच्या मडगार्डांवरच्या दोन आखूड पट्ट्या आणि डिकीवरचा मोनोग्राम असं सामान एका पोत्यात घालून एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर मी स्वतः लिहिलं होतं: 'सर्व नग, जुना क्रोम काढून नवीन क्रोम.'

प्लेटिंगवाल्याचं रोजचं काम लोखंडाचं. लोखंडी नग आला की गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत तेल-चिकट काढायचं, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जुना क्रोम उतरवायचा. लोखंड हे सगळं सोसतं. दुपारी तिथल्या बफिंग करणाऱ्या, म्हणजे फिरत्या चाकावर घासून धातू चमकवणाऱ्या, म्हाताऱ्या चाचांचा फोन आला. "भाई, तुम्हारी पट्टी तो सोडे में उबल रई." मी पोचेपर्यंत अर्धा तास गेला. मडगार्डच्या दोन्ही पट्ट्या ॲल्युमिनियमच्या होत्या. सोड्यात ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं. त्यांच्या कडा कागदासारख्या झाल्या होत्या आणि अंगावर काळा थर बसला होता. मोनोग्राम जस्ताच्या ओतकामाचा, कारागीर ज्याला मझॅक म्हणतात. तो सोड्यातून निघून ॲसिडपर्यंत पोचला होता. बाहेर काढला तेव्हा अक्षरांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या आणि मागची एक खुंटी गळून पडली होती.

प्लेटिंगवाल्यानं चिठ्ठी समोर धरली. त्यात त्याची चूक नव्हती. त्याला जे लिहून दिलं तेच त्यानं केलं होतं.

सरांना फोन मीच केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "बाकीचं सामान कुठं आहे?" आमच्याकडेच आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग आता घाई नको. लग्न होईल."

उरलेल्या प्रत्येक नगाची त्या संध्याकाळपासून तपासणी सुरू झाली. हे काम आधी करायला हवं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला लोहचुंबक. चिकटला नाही तर साधं लोखंड नाही, एवढं नक्की. पण चिकटला म्हणजे क्रोम केलेलं लोखंडच, असं धरू नये. पट्ट्यांना वापरलेलं बरंचसं स्टेनलेस चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं असतं. आमच्या छताच्या पन्हाळीवरच्या पट्ट्या तशाच निघाल्या. त्यांना क्रोम नव्हताच, धातूच तसा चमकणारा. ओळखायची खूण मागच्या बाजूला असते: क्रोमच्या लोखंडी नगाची पाठ गंजते, स्टेनलेसची स्वच्छ राहते. चुंबक न चिकटणाऱ्यांमध्ये वजन बघायचं. मझॅक हातात लोखंडासारखं जड लागतं, ॲल्युमिनियम हलकं. मझॅकवर जुनेपणी पांढरट पुळ्या येतात, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. शंका राहिली तर मागे, दिसणार नाही अशा जागी सोड्याच्या पाण्याचा एक थेंब. ॲल्युमिनियम असेल तर थेंब लगेच फसफसतो. (हातमोजे घालून, आणि थेंब म्हणजे थेंब.)

ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग (विजेच्या मदतीनं चढवलेला ऑक्साइडचा संरक्षक थर) आहे की नाही हे मल्टिमीटरनं कळतं. दोन्ही टोकं पट्टीवर टेकवली आणि मीटर गप्प राहिला, तर वर ऑक्साइडचा थर आहे. तो वीज जाऊ देत नाही. तीच टोकं एका ओरखड्यात टेकवली की मीटर बोलतो. दारांवरच्या चारही पट्ट्यांवर मीटर गप्प बसला. म्हणजे त्यांना वरवर बफ मारून भागणार नव्हतं. थर काही ठिकाणी निघाला असता, काही ठिकाणी राहिला असता आणि पट्टी चट्टेपट्टेरी दिसली असती.

शेवटी फळीवर चार रांगा लागल्या: क्रोमचं लोखंड, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, मझॅक. प्रत्येक नगाला तारेनं पत्र्याचा टॅग. पंचेचाळीस वर्षांत एखादा भाग बदलला गेलेला असतो, त्यामुळं दुसऱ्या पद्मिनीवर हीच वाटणी असेलच असं नाही. पुस्तकावर किंवा दुसऱ्याच्या गाडीवर भिस्त ठेवू नका.

मे उजाडला. गाडी चालू झाली, रंग झाला, पुढचा बंपर तयार नव्हता आणि दारांवर क्लिपांची भोकं उघडी होती. पाठवणीच्या दिवशी आम्ही मागचा बंपर नुसता घासून लावला आणि पुढं नकली बंपर तात्पुरता बसवला. दारांवरच्या भोकांच्या ओळीवरून झेंडूच्या माळा बांधल्या. फोटोत गाडी इतकी देखणी दिसते की भावांना पट्ट्या नसल्याचं अल्बम येईपर्यंत कळलंच नाही.

मागचा बंपर घासण्यावरून एक निर्णय नकळत झाला. ॲल्युमिनियमच्या घरगुती फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून क्रोमवर घासला की वरवरचा गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. तासाभरात बंपरचा नव्वद टक्के भाग उजळला. मग त्याला पुन्हा क्रोम कशाला करायचा? तो तसाच ठेवला. पुढच्या बंपरची खालची कड मात्र निकलसकट गेली होती, त्याला पूर्ण काम लागणार होतं.

क्रोमबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की तो खड्डे झाकतो. वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. चमक खरी खालच्या निकलची आणि तांब्याची, आणि सपाटपणा त्याच्याही खालच्या पत्र्याचा. बंपर तांब्याच्या टाकीतून बाहेर येतो तेव्हा अख्खा लालबुंद असतो, बंबासारखा. तो क्षण बघण्यासारखा आणि तपासण्यासारखाही. उन्हात तिरका धरायचा. जो खड्डा तांब्यावर दिसतो तो क्रोमखाली दुप्पट दिसणार. आम्ही दोनदा परत पाठवला. दुसऱ्यांदा प्लेटिंगवाल्यानं पैसे वाढवून मागितले. दिले.

स्टेनलेसच्या पन्हाळी पट्ट्यांना पोचे होते. इथं आम्ही डेंटरकडे न जाता एका तांबटाकडे गेलो. भांडी मठारण्यात ज्यांचा हात बसलाय त्यांना पातळ पत्रा कसा हलतो ते बोटांत कळतं. या तांबट मामांनी बाभळीच्या लाकडात पट्टीच्या आकाराची खाच कोरून घेतली, पट्टी त्यात उलटी ठेवली आणि आतून छोट्या हातोडीनं ठोकत पोचा बाहेर काढला. मग वरून मार्करची शाई लावून बारीक कानस फिरवायची. कानस जिथली शाई काढते तो उंचवटा, जिथं शाई उरते तो खड्डा. ३२० पासून १००० पर्यंत पॉलिश पेपर, मग चाचांकडे बफ आणि लस्टर (चमक आणायचा मसाला). हे काम अपेक्षेपेक्षा चांगलं झालं.

मडगार्डच्या गेलेल्या पट्ट्यांसाठी नांदेडच्या भंगारात एका पद्मिनीच्या दाराच्या दोन पट्ट्या सापडल्या. छेद तोच, लांबी जास्त. कापल्या. पण मडगार्डच्या पट्टीचं पुढचं टोक निमुळतं होत मिटतं, ते हातानं घडवायला हवं होतं. मामांनी सवयीनं टोक तापवायला घेतलं आणि लाल व्हायची वाट बघू लागले. मी धावलो. तांबं लाल होऊन मऊ पडतं. ॲल्युमिनियम उजेडात लाल दिसतच नाही, ६६० अंशांना सरळ वितळतं. यावर जुनी युक्ती साबणाची. कपड्याच्या साबणाची रेघ पट्टीवर ओढायची आणि बर्नरची ज्योत लांबून फिरवायची. रेघ करपून काळपट झाली की ज्योत बाजूला. पट्टी मऊ झालेली असते. मामा हसले, "म्हणजे पोळी भाजायची, करपू द्यायची नाही." दोन्ही टोकं त्यांनी वीस मिनिटांत मिटवली.

ॲनोडायझिंगला वेगळाच अडथळा आला. छोट्या कारखान्यांच्या टाक्या आखूड, आणि दाराची पट्टी वाकवून चालत नाही. वाळूजमध्ये लांब प्रोफाइल करणारा एक जण मिळाला. पहिल्या खेपेच्या पट्ट्यांवर खडूसारखी पांढरी झाक आली. शेवटी थर बंद करायला पट्ट्या उकळत्या पाण्यात ठेवतात, आणि ते पाणी बोअरचं होतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात चहाच्या भांड्यालाही खपली धरते. दुसऱ्या खेपेला आम्ही आरओच्या पाण्याचे कॅन रिक्षात घालून नेले.

निकाल

दिवाळीनंतर सगळं सामान गाडीवर चढलं. पुढचा बंपर मागच्यापेक्षा उजळ आहे, ते दिसतं. क्रोमला निळसर छटा, स्टेनलेसला किंचित पिवळी, ॲल्युमिनियम पांढरट; उन्हात तिन्ही वेगळे कळतात. भावांना ते खटकलं. सरांनी जुना काळापांढरा फोटो काढून दाखवला, पण त्यात छटा कुठून दिसणार! तो वाद दोघा भावांनी आपसात मिटवला.

दारांच्या हँडलांना आम्ही हात लावला नाही. चालकाच्या हँडलवर अंगठा टेकतो तिथं क्रोम झिजून खालच्या निकलची पिवळसर झाक आलीय. सर म्हणाले, ती राहू द्या. मोनोग्राम खुंटी बदलून, विरलेल्या अक्षरांसकट डिकीवर परत गेला. भावांनी नकली मोनोग्राम घेऊन ठेवलाय, तो डॅशबोर्डच्या खणात आहे.

पन्नास वर्षांवरच्या, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय २०२१ च्या केंद्रीय नियमांनी झाली आहे. सरांची गाडी २०२८ मध्ये त्या वयाला पोचेल. पट्ट्यांमुळं नोंदणी अडणार नव्हती, पण आता ते कागदांची फाइलही बांधायला लागलेत.

२०२५ च्या पावसाळ्यात डाव्या मागच्या दारावर पट्टीखालून गंजाचा एक लाल ओघळ उतरला. गंज रोखायला क्लिपांच्या भोकांत मेण भरलं होतं, त्यातलं एक भोक राहून गेलं होतं, आणि नेमकी तिथं नायलॉनची क्लिप कमी पडली म्हणून आमच्या वर्कशॉपमधल्या मुलानं जुनी स्टीलची लावली होती. ॲल्युमिनियम, स्टील आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की तिथं छोटी बॅटरीच तयार होते आणि धातू खाल्ला जातो. हे आम्हाला माहीत होतं. एका क्लिपसाठी पुन्हा दुकानात जायचा कंटाळा केला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला आठवडा फक्त फोटो, टॅग आणि धातूची तपासणी. गाडीचं दुसरं काहीही त्याआधी नाही. प्लेटिंगच्या चिठ्ठीवर नगागणिक धातू लिहून द्यायचा, आणि मझॅक व ॲल्युमिनियम त्या पोत्यात जाताच कामा नये. आधी एकच बिनमहत्त्वाचा नग पाठवून बघायचा. आम्ही बंपरचा एक कान पाठवला असता तरी कारखान्याचा हात कळला असता.

लग्नाची तारीख ऐकल्या दिवशीच सांगायला हवं होतं की पाठवणीपर्यंत गाडी चालेल, पट्ट्या दिवाळीला लागतील. 'बघू, होईल' म्हणालो. गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही ही आमच्या धंद्याची खोड आहे आणि या प्रकरणात ती मोनोग्रामला भोवली.

पुढच्या बंपरचं मात्र मनात अजून पक्कं होत नाही. दोन्ही बंपर नवे क्रोम केले असते तर जोड जुळली असती. पण चांगला जुना क्रोम ॲसिडमध्ये घालायचा हात मला आजही होत नाही. इथं दुसरा कारागीर वेगळा निर्णय घेईल आणि तोही चूक म्हणता येणार नाही.

ओघळलेलं दार दुरुस्त करायला गाडी पुढच्या महिन्यात परत येतेय. परवा सरांचा फोन आला, बळद पूर्ण रिकामं करताना आणखी एक गाठोडं सापडलंय. आत काय आहे विचारलं तर म्हणाले, "ओळखलं नाही. जड आहे, पण लोहचुंबक चिकटत नाही."